सात दिवसांचं सुतक

पेणकरकाकांच्या दाराला बेल नव्हती, तरी त्यांच्याकडे पहिल्यांदा येणारा प्रत्येक माणूस बेल दाबायचा. चौकटीच्या उजव्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर, बोटभर लांबीची एक पितळी नळी तिरकी बसवलेली होती. दूधवाल्याने ती दाबली होती, मीटर बघायला येणाऱ्याने दाबली होती, आणि जयपूरला बदली होऊन आलो त्या संध्याकाळी विरजण मागायला गेलेल्या मीही दाबली. वाजलं काहीच नाही. मी पुन्हा दाबली. तेवढ्यात एक उंच, काटकुळे गृहस्थ दार उघडून बाहेर आले आणि शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत म्हणाले, "दाबा, दाबा. आत देवाचं नाव हाय. घंटा नाय."

दारावर 'एम. ई. पेणकर' अशी पाटी होती. ती वाचूनच विरजणासाठी मी हे दार निवडलं होतं. रेल्वे कॉलनीत मराठी घरं आम्हांला धरून पाच. पेणकर म्हणजे पेणचे, इतपत माझा अंदाज बरोबर होता. पण एम म्हणजे मोझेस निघाला. मोझेस एझेकियेल पेणकर. बेने इस्राएल, म्हणजे आपले कोकणातले यहुदी. अलिबागकडे पूर्वी यांचे तेलाचे घाणे असत आणि शनिवारी ते बंद राहत, म्हणून गाव यांना शनवार तेली म्हणायचं. ही सगळी माहिती मिरियमकाकूंनी मला विरजणाच्या वाटीबरोबरच दिली. काकूंच्या गळ्यात मंगळसूत्र, हातात हिरव्या बांगड्या, आणि बोलणं असं की अलिबागच्या बाजारात उभी आहे असं वाटावं. मी भुसावळची. माझ्या बोलण्याला त्या हसायच्या आणि त्यांच्या 'गो'ला मी.

काका माझ्याच कचेरीत होते. मी वर टंकलेखक, ते खाली तळघरात जुने नकाशे आणि फायली सांभाळायचे. शनिवार म्हणजे त्यांचा शब्बाथ, त्या दिवशी कामाला हात लावायचा नसे आणि आमची कचेरी तर शनिवारी चालू. त्यांनी साहेबांशी बोलून शनिवारची रजा आणि बदल्यात रविवारी एकट्याने येऊन काम, असं ठरवून घेतलं होतं. साहेबांची समजूत अशी की हे शनीचं व्रत. ते आदराने विचारायचे, "पेणकरजी, साढ़ेसाती कब उतरेगी?" काका तितक्याच आदराने म्हणायचे, "साहब, हमारी तो तीन हज़ार साल से चल रही है."

एकदा कर्मचाऱ्यांची यादी नव्याने टाइप करायला माझ्याकडे आली. पेणकरांच्या नावापुढे धर्माच्या रकान्यात होतं, जैन. मी कागद घेऊन तडक तळघरात गेले. काका खो खो हसले. नोकरीच्या अर्जात त्यांनी इंग्रजीत 'ज्यू' असंच लिहिलं होतं. पण तो कागद जयपूरच्या बाबूच्या हातात पडला. त्या बिचाऱ्याने ज्यू जन्मात ऐकला नव्हता, आणि जैन रोज उठून पाहिलेले. त्याने मनापासून चूक सुधारली. शिवाय पुरावाही होता. यांचा बकरा यांच्या पद्धतीने कापणारा माणूस जयपुरात नाही, म्हणून काका-काकूंनी इथे आल्यापासून मटणाला तोंड लावलेलं नव्हतं. कचेरीच्या पार्टीत पेणकरांचं ताट न सांगता जैनांच्या पंगतीत जायचं.

"मग दुरुस्त का नाही करून घेतलंत?"

"कागदावर मी कोनीपन असेन गो. मला काय फरक पडतो?"

हे वाक्य मी लक्षात ठेवलं नव्हतं. पुढे आपोआप आठवलं.

रविवारी दुपारी त्या तळघरात तिघांची बैठक भरायची. काका, रशीदभाई आणि मसीहसाहेब. रशीदभाई रूळ तपासणाऱ्या गँगचे मुकादम. हात फावड्यासारखे, बोलणं मात्र अगदी हळू. मसीहसाहेब निवृत्त शिक्षक, सी-स्कीमच्या बाजूला राहायचे, प्रार्थना आटोपून सायकलवर यायचे. त्यांच्या ख्रिस्ती मंडळीच्या दफनभूमीच्या समितीचे ते सेक्रेटरी, त्यामुळे खिशात कायम एक किल्ल्यांचा जुडगा. काकूंचा डबा पोचवायला मी जायची आणि तिथंच टेकायची, कारण त्या तिघांचं भांडण ऐकण्यासारखं असायचं. देवाने इब्राहिमाकडे मुलाचा बळी मागितला, तो मुलगा कोणता, यावर वाद. काका म्हणायचे इसहाक, रशीदभाई म्हणायचे इस्माईल. मसीहसाहेब इसहाकच्या बाजूने मत देत आणि वर आपलं एक जोडून देत, की पुढे देवाने स्वतःचाच मुलगा दिला. शेवटी रशीदभाई म्हणायचे, "लड़का कोई भी हो पेणकरजी, दुंबा तो वही था." देवाने ऐन वेळी मुलाऐवजी धाडलेला तो मेंढा तिघांनाही मान्य. मग चहा.

मी एकदा म्हटलं, "तुमच्या तिघांच्या देवांना मुलंच कशी लागतात हो? आमच्या भगवान बुद्धांनी कोणाचं पोर मागितलं नाही." काका इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

हे तिघं एकमेकांना जीव लावून होते, यात मला शंका नाही. पण कोणी कोणाकडे काय खायचं याचा नकाशा काकांच्या डोक्यात पक्का होता. रशीदभाईंकडे ईदला जायचे, पण बिनदुधाचा चहा आणि केळं. मसीहसाहेबांचा नाताळचा केक हातात घ्यायचे, आभार मानायचे आणि घरी येऊन मला द्यायचे. स्वतःच्या घरी काही चांगलं घडलं की मलिदा करायचे, म्हणजे गोडाचे पोहे, वर खोबरं आणि फळं. त्यावर प्रार्थना म्हणून तो साऱ्या कॉलनीला वाटायचे. देताना हात सैल, घेताना आखडता. मी टोकलं की म्हणायचे, "मान सगळ्यांना द्यावा. मुलगी आपल्यात द्यावी."

"आणि जयपुरात आपल्यातले किती?"

"तीन. मी, ही आणि सारा."

सारा ही त्यांची एकुलती एक मुलगी. बी.एड. झालेली, आईसारखीच बुटकी आणि गोड गळ्याची. शुक्रवारी संध्याकाळी काकू काचेच्या पेल्यात पाणी आणि वर तेल घालून दिवा लावायच्या आणि सारा हिब्रूत गायची. तिला मराठी वाचता येत होतं ते हिंदीच्या जोरावर, बोलता येत होतं ते अडखळत, पण ती गाणी तिला पाण्यासारखी येत. तिच्यासाठी काका मुंबईला, ठाण्याला, दिल्लीला स्थळांची पत्रं लिहायचे. एकजण आला, बघून गेला. मुलगी पसंत, पण जयपूरसारख्या ठिकाणी वाढलेली, म्हणजे रीत कच्ची असणार, असं कळवलं. ते पत्र काकांना फार लागलं होतं.

एके दिवशी सकाळी काका कामावर आले नाहीत. शनिवार नव्हता. संध्याकाळी मी गेले तर दार उघडंच. आत आरशावर चादर टाकलेली. काका जमिनीवर बसलेले, पायांत चप्पल नाही, दाढी वाढलेली, आणि अंगातला पांढरा शर्ट उजव्या बाजूला कॉलरपासून टीचभर फाडलेला. काकू भिंतीला टेकून. मी विचारलं काय झालं. काका म्हणाले, "मुलगी गेली."

मराठीत 'गेली' म्हणजे काय, हे मला कोणी सांगायला हवं होतं का? मी तिथंच रडायला लागले. कशाने, कधी, हे विचारायचं धाडस झालं नाही. बाहेर येऊन बाकीच्या तिन्ही मराठी घरांत सांगितलं. पुढचे सात दिवस आम्ही बायकांनी वार लावून त्या घरात जेवण पोचवलं, पिठलं-भाकरी, वरण-भात. लोक भेटायला आले, खाली बसले, गप्प बसून गेले. साहेबांनी स्वतः येऊन काकांचे हात धरले. काकांनी सगळ्यांचे हात धरू दिले. मसीहसाहेब तेवढे आले नाहीत. मला त्यांचा राग आला.

तीन आठवड्यांनी मी कामासाठी अजमेरला गेले होते. फलाटावर सारा उभी. गळ्यात बारीक सोन्याचा क्रूस, हातात भाजीची पिशवी. मी किंचाळले असणार, कारण दोन हमाल वळून बघायला लागले. ती माझ्या गळ्यात पडली आणि पहिलं वाक्य बोलली ते असं: "मावशी, मी मेली नाही."

तिने मसीहसाहेबांच्या मुलाशी, सुनीलशी, लग्न केलं होतं. तो अजमेरला शाळेत शिकवायचा. लग्न चर्चमध्येच झालं पाहिजे आणि त्याआधी मुलीचा बाप्तिस्मा झाला पाहिजे, ही मसीहसाहेबांची अट. आमच्यातून बाहेर गेली तर ती मेली, ही काकांची. पोरीने एक अट पाळली, म्हणून दुसरी तिच्यावर लागू झाली. तळघरातली रविवारची बैठक तिथंच मोडली. रशीदभाई एकटे यायचे आणि चहा पिऊन जायचे.

जयपूरला परतल्यावर मी काकांशी भांडले. इतक्या लोकांना रडवलंत, माझ्या हातची पिठलं-भाकरी खाल्लीत, आणि मुलगी तिकडे भाजी घेतेय! काका शांतपणे म्हणाले, "मुंबईत आमच्यातलं कोनी शब्बाथ मोडला तर चालतं गो. तिथं पाळणारे शंभर आहेत. इथं मी एकटा. मी मोडला तर जयपुरातला शब्बाथ संपला." मी म्हटलं, संपू दे. माझा राग गेला नाही, आजही गेलेला नाही.

तो फाडलेला शर्ट ते घरात वापरत राहिले. काकूंनी मला त्याची रीत सांगितली. आईबापासाठी फाडलं तर जन्मभर नीट शिवायचं नाही. नवराबायको, भावंडं, लेकरं यांच्यासाठी फाडलं तर महिन्याने शिवता येतं, कारण माणसाला पुढे जगायचं असतं. महिना झाला तेव्हा काकू सुई-दोरा घेऊन बसल्या. काकांनी शर्ट हातातून ओढून घेतला. "राहू दे." काकूंनी त्यानंतर दोन वर्षांत चारपाच वेळा प्रयत्न केला असेल. साराची पत्रं माझ्या पत्त्यावर यायची, त्या माझ्या स्वयंपाकघरात बसून वाचायच्या आणि घडी घालून परत माझ्याच डब्यात ठेवायच्या. "एकदा का यांनी तो शर्ट शिवू दिला," त्या म्हणायच्या, "की समज पोर घरी आली."

काकूंचं हृदय तेव्हाच दमलं होतं. जिना चढवत नसे. मरणाचं त्या अगदी व्यवहाराने बोलायच्या. मला जाळायचं नाही. अंगावर साधं पांढरं, गाठ न मारलेलं. डोक्याखाली नवगावची माती. ती त्यांनी ट्रंकेत पुरचुंडी बांधून ठेवली होती, कारण यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले आणि बुडालेले तिथंच पुरले, अशी यांची आठवण. आंघोळ कशी घालायची, पाण्याची धार मध्ये तुटू द्यायची नाही, हे त्यांनी मला तांब्या घेऊन दाखवलं. आणि हे सगळं आपल्या लोकांच्या जागेत. जयपुरात अशी जागा नव्हती. दिल्लीत होती, छोटीशी. काकांनी तिथल्या लोकांकडून पत्र आणून ठेवलं होतं, की वेळ आली तर घेऊन या, जागा आहे, दहा माणसंही जमवू. दहा पुरुष असल्याशिवाय यांची मृतासाठीची मोठी प्रार्थना म्हणता येत नाही. ते पत्र काकू उशीखाली ठेवायच्या. नवऱ्याने दिलेलं हे एकच वचन त्यांना महत्त्वाचं वाटायचं.

चौऱ्याऐंशी सालच्या त्या आठवड्यात पंतप्रधानांना त्यांच्याच घरात गोळ्या घातल्या, त्याच्या तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सात वाजता काकू गेल्या. या वेळी 'गेल्या' म्हणजे खरोखरच गेल्या.

दिल्ली पेटली होती. शिखांना शोधून शोधून मारत होते, गाड्यांतून खाली ओढत होते. आमचे हे मालगाडीवर गार्ड. त्यांनी दिल्लीकडून आलेला, रक्ताने माखलेला एक डबा पाहिला होता आणि आदल्या दिवसापासून घास घेतला नव्हता. गाड्या मध्येच थांबत होत्या. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरने हात जोडले, "बाबूजी, दिल्ली छोड़के कहीं भी." ते पत्र काकांच्या हातात होतं आणि ते घेऊन जायला रस्ता नव्हता. सूर्य मावळला की शब्बाथ लागणार, मग शनिवार बुडेपर्यंत पुरता येणार नाही. पाऊण दिवस हातात होता.

कचेरीतले लोक आले. एकाने हळूच सुचवलं, कागदावर जैन आहातच, चितेची व्यवस्था आम्ही करतो, कोण विचारतंय. काकांनी मान हलवली. मी म्हटलं, "काका, तुम्हीच म्हणाला होता ना, कागदावर कोणीही असेन."

"कागदावर, गो. मातीत नाय."

नऊ वाजता मसीहसाहेब आले. दोन वर्षांनी प्रथमच. सायकल टेकवून त्यांनी बाहेरच टोपी काढली. "समधन हैं मेरी," ते म्हणाले. "मेरे अपने ख़ानदान की जगह है, वहीं सुला देंगे. बस रजिस्टर में मेरी लिखना होगा. और यह कि बाप्तिस्मा हुआ था. नाम तो एक ही है, पेणकरजी. मिरियम कहो या मेरी."

"बाप्तिस्मा नहीं हुआ था."

"मैं जानता हूँ. दस्तख़त मैं करूँगा. झूठ मेरे सिर."

मसीहसाहेबांनी आयुष्यात खोटं लिहिलं नसेल. ते काकांसाठी लिहायला तयार झाले होते, आणि मला वाटलं काका आता तरी विरघळतील. काका म्हणाले, "मिरियम लिखिए. यहूदी लिखिए." मसीहसाहेबांनी किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला. "कमेटी नहीं मानेगी," ते म्हणाले, आणि सायकल न घेताच चालत गेले.

मग रशीदभाई काकांना कब्रस्तानच्या समितीकडे घेऊन गेले. तिथं काय झालं ते मला रशीदभाईंनी नंतर सांगितलं. समितीतल्या वयस्क गृहस्थांनी वही उघडून नाव विचारलं. मिरियम. त्यांनी लिहिलं, मरियम. नवऱ्याचं नाव? रशीदभाईंनी मोझेसचं सांगितलं, मूसा. म्हातारबुवा म्हणाले, मग आपलीच माणसं. मागून एक तरुण म्हणाला, "यहूदी हैं. बैरूत में इस्राइल ने जो किया, अख़बार में पढ़ा नहीं?" म्हाताऱ्यांची लेखणी थांबली. ते काकांना जवळ बोलावून हळू आवाजात म्हणाले, "मैंने कुछ सुना नहीं. आप भी चुप रहिए. नमाज़ हम पढ़ा देंगे, शाम से पहले दफ़न हो जाएगी."

गप्प राहायचं होतं फक्त. जैन म्हणून वर्षानुवर्षं गप्प राहिलेला माणूस. काका म्हणाले, "जनाब, यहूदी हैं."

"तो भाई, किताबवाले सही," म्हातारे म्हणाले, "मगर यह ज़मीन मुसलमानों की है." रशीदभाई सांगत होते की हे बोलताना ते काकांकडे बघू शकले नाहीत.

मिरियम, मेरी, मरियम. एकच नाव. तिघांच्याही पोथ्यांत ते आहे आणि तिघांनाही ते आपलं वाटतं. मी त्या बाईच्या उशाशी बसले होते आणि मला तिन्ही पोथ्यांचा संताप येत होता. आमच्या आजीला गावच्या विहिरीवर उभं राहू देत नसत. बंद दार काय असतं हे मला कोणी शिकवायला नको. पण मेलेल्या माणसासाठीही ते उघडत नाही, हे मी त्या दिवशी शिकले.

बारा वाजले होते. शेवटी रशीदभाईच म्हणाले, अगदी जमिनीकडे बघत, "एक जगह है. कहने की हिम्मत नहीं होती." रुळाखाली सापडलेली माणसं त्यांच्या गँगलाच उचलावी लागत. ज्यांना कोणी न्यायला येत नसे, ज्यांचं नावही कळत नसे, त्यांना यार्डापलीकडच्या एका मोकळ्या तुकड्यात पुरत. तिथं वही नव्हती. तिथं कोणी धर्म विचारत नसे, कारण सांगायला कोणी नसे.

काकांनी दारातल्या त्या पितळी नळीवर बोटं टेकवली. मग म्हणाले, "तिथं मिरियम मिरियमच राहील ना?"

"वहाँ कौन बदलेगा, पेणकरजी."

आंघोळीचा प्रश्न आला. रीतीप्रमाणे त्यांच्यातल्याच बायका हव्यात. काका आतल्या दारात अडखळले. मी तांब्या घेऊन उभी होते. "तू कर," ते म्हणाले. "तिने तुला शिकवलंय." मी केलं. धार तुटू दिली नाही. दोन घागरी एकामागे एक, एकटीने, हात भरून आले तरी. त्या घरात मला कधी कोणी परकं मानलं नाही हे मी लिहून ठेवते, कारण पुढचं लिहायचं आहे.

साराला निरोप मीच पाठवला होता, सकाळीच, रशीदभाईंना सांगून स्टेशनच्या फोनवरून. काकांना विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

साडेचारला आम्ही त्या तुकड्यावर होतो. बाभळी, कोळशाची राख, मध्येमध्ये खचलेल्या जमिनीचे आयत. गँगच्या माणसांनी खड्डा खणला होता. काकांनी तोच जुना शर्ट घातला होता. जुन्या फाटीशेजारी त्यांनी हाताने दुसरी फाट केली. कापड जीर्ण झालं होतं, चटकन फाटलं. मी उभे पुरुष मोजले. काका, रशीदभाई, गँगचे सहाजण, आमचे हे, आणि बाभळीशी येऊन उभा राहिलेला सुनील. बरोबर दहा. मी काकांना म्हटलं, "दहा आहेत. म्हणा प्रार्थना." काकांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "एक."

मोठी प्रार्थना झाली नाही. एकट्याने म्हणता येते तेवढी त्यांनी म्हटली.

सुनीलच्या मागून सारा पुढे आली. धावत आली असावी, धाप लागली होती. क्रूस तिने पदराखाली लपवला होता. नवगावची माती उशाशी ठेवून झाली होती, आता एकेकाने मूठ टाकायची. रशीदभाईंनी टाकली, गँगच्या माणसांनी टाकली, मी टाकली. साराने मूठ भरली, तेव्हा काकांनी तिच्या आणि खड्ड्याच्या मध्ये हात धरला.

"मेलेलं माणूस माती देत नाय," ते म्हणाले. तिच्याकडे न बघता, मला म्हणाले.

माझा तोल गेला. "सकाळपासून दोन दारं तुमच्या तोंडावर लागली, काका. तिसरं तुम्ही लावताय?"

त्यांचा हात खाली आला नाही. "इथं दार राखायला मी एकटाच हाय, गो."

मला तळघरातलं ते इब्राहिमाचं भांडण आठवलं. तिथं निदान ऐन वेळी मेंढा सापडला होता. इथं बाप हात धरून उभा होता आणि वरून कोणी थांब म्हणालं नाही. साराने मूठ सोडली नाही. ती माती तशीच घेऊन ती बाभळीपर्यंत मागे गेली आणि सूर्य टेकेपर्यंत तिथं उभी राहिली. काका घाईने घरी निघाले, शब्बाथ लागायच्या आत दिवा लावायचा होता. तो दिवा त्या दिवशी त्यांनी स्वतः लावला.

आज वाटतं, मी त्यांचा हात बाजूला करायला हवा होता. नऊ पुरुष आणि मी, कोणीच केला नाही.

सत्याऐंशीत काका निवृत्त झाले आणि नवगावला पुतण्याकडे जायचं ठरलं. दारावरची नळी त्यांनी स्वतः स्क्रू काढून घेतली. मुंबईला जायला सवाई माधोपूरवरून जवळ पडलं असतं. काकांनी अहमदाबादचं तिकीट काढलं, लांबचं, अजमेरवरून जाणारं. मी साराला कळवून टाकलं. तिने पुढे मला सांगितलं: गाडी अजमेरला वीस मिनिटं थांबली. ती मुलीला कडेवर घेऊन डबा शोधत गेली. काकांची खिडकी लावलेली होती. तिने दोनदा टकटक केलं. आत कोणी आहे हे फटीतून दिसत होतं. खिडकी उघडली नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते जयपूरच्या फलाटावर. रशीदभाईंनी ट्रंक आत ठेवली, दोघांनी एकमेकांना घट्ट धरलं आणि रशीदभाई मागे न बघता गेले. काका खिडकीशी बसले. उन्हाळ्याचे दिवस, कोटाची बटणं उघडी, आत तोच पांढरा शर्ट. दोन फाटी शेजारी शेजारी. त्यांतली एक काळ्या दोऱ्याने शिवलेली होती, टाके वाकडेतिकडे, पुरुषाच्या हातचे. काकूंचं वाक्य आठवलं, शर्ट शिवला की समज पोर घरी आली. मी गजांतून बोट घालून त्या टाक्यांना लावलं.

"शिवलंत काका? साराचं शिवलंत?"

त्यांनी खाली पाहिलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे मिरियमचं," ते म्हणाले. "महिन्याने शिवलं, रीतीप्रमाणं."

"आणि हे?" दुसऱ्या फाटीच्या कडा धुऊन धुऊन झालरीसारख्या झाल्या होत्या.

गाडी हलली. मी चालायला लागले. काका गजांना धरून म्हणाले, "मेलेल्या माणसाचं शिवता येतं, गो. ती जिवंत आहे. तिचं कसं शिवू?"